शरीराचे घड्याळ आणि पहाऱ्यावरच्या पेशी

घरात कोणी तापाने आजारी असले की वडीलधारी माणसे एक गोष्ट हमखास सांगतात : "सकाळी बरे वाटले म्हणून गाफील राहू नका, दिवेलागणीला ताप पुन्हा चढेल." पुष्कळदा तसेच घडते. दम्याचा त्रास असलेले आजोबा मध्यरात्रीपर्यंत शांत झोपतात आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास धाप लागून उठून बसतात. संधिवाताने ग्रासलेल्या आजींची बोटे सकाळी इतकी आखडलेली असतात की माळेचा मणी पुढे सरकवणेही कठीण जाते. दहा-अकरा वाजेपर्यंत तीच बोटे सैल होतात आणि आजी भाजी निवडायला बसतात. ताप, दमा आणि संधिवात हे तीन वेगवेगळे विकार. परंतु तिघांनाही वेळ कळते.

वेळ कळते ती खरे पाहता आजाराला नव्हे, शरीराला. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधनाने हे स्पष्ट केले आहे की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चोवीस तास सारख्याच जोमाने काम करीत नाही. एखाद्या जुन्या पेढीचे कामकाज डोळ्यांसमोर आणावे. सकाळी पेढी उघडते, दिवसभर देवघेव चालते, संध्याकाळी गल्ला मोजला जातो, रोजमेळ लिहिला जातो आणि मग तिजोरीला कुलूप लागते. माणसे तीच असली तरी प्रत्येक प्रहराचे काम निराळे. शरीराच्या संरक्षक पेशींचेही असेच आहे. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत आणि त्या पाळ्या ठरवणारे घड्याळ शरीरातच आहे.

करोनाच्या साथीनंतर 'प्रतिकारशक्ती वाढवणे' हा शब्दप्रयोग घरोघरी रुळला. काढे, चूर्णे, गोळ्या यांची मोठी उलाढाल झाली. त्यामागची समजूत अशी की प्रतिकारशक्ती म्हणजे तिजोरीतील शिल्लक. जितकी अधिक तितकी बरी. वस्तुस्थिती तशी नाही. संधिवातात आणि ॲलर्जीच्या दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती नको तेथे आणि नको तेवढी भडकलेली असते. म्हणून शरीराला हवी असते ती योग्य वेळी पेटणारी आणि योग्य वेळी शमणारी प्रतिकारशक्ती. ही वेळ सांभाळणे बाजारातील कोणत्याही बाटलीच्या हाती नाही. ते बऱ्याच अंशी घराच्या दिनचर्येच्या हाती आहे.

घड्याळ सापडले कसे?

या शोधाची सुरुवात एका झाडापासून झाली. १७२९ साली फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ जाँ-जाक द मेराँ यांनी लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. सूर्य दिसेनासा झाल्यावरही पानांनी आपला क्रम सोडला नाही. वेळेचे भान झाडाच्या आतच असावे, असा त्याचा अर्थ होता.

माणसाच्या बाबतीत हे पडताळून पाहिले ते जर्मनीत. युर्गेन आशोफ या शास्त्रज्ञाने म्यूनिकजवळील आंडेक्स येथे १९६० च्या दशकात एक तळघर बांधून घेतले. तेथे स्वयंसेवक घड्याळ, वर्तमानपत्र आणि सूर्यप्रकाश यांवाचून कित्येक आठवडे राहत. तरीही त्यांचे झोपणे-उठणे आणि शरीराच्या तापमानातील चढ-उतार नियमित लयीत चालूच राहिले. पुढे १९९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अधिक काटेकोर मोजणी केली. माणसाच्या आतील घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचा भरला. म्हणजे हे घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि रोज सकाळी सूर्यप्रकाशाने ते मिळवून घ्यावे लागते.

हे घड्याळ असते कोठे? मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिनसा जेथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या किंचित वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. १९७२ साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतील हा पुंजका नष्ट केला गेला आणि त्यांची दैनंदिन लयच हरपली. हेच मुख्य घड्याळ. डोळ्याच्या पडद्यावरील काही खास पेशी पाहण्याचे काम फारसे करीत नाहीत; बाहेर उजेड आहे की अंधार, एवढी खबर त्या या घड्याळाला पोहोचवतात.

घड्याळाची चाके कशी फिरतात, हे फळमाशीच्या अभ्यासातून कळले. १९७१ मध्ये सेमूर बेंझर आणि रोनाल्ड कोनोप्का यांना असे दिसले की एकाच जनुकात बिघाड झाला तर माशीचे घड्याळ पुढे धावते, मागे पडते किंवा पार बंद पडते. त्या जनुकाला 'पिरियड' असे नाव मिळाले. रात्रीच्या वेळी या जनुकाकडून तयार होणारे एक प्रथिन पेशीत साठत जाते. ते पुरेसे साठले की तेच जनुकाचे काम थांबवते. मग साठा हळूहळू सरतो आणि जनुक पुन्हा कामाला लागते. भरणे आणि सरणे यांचा हा फेरा चोवीस तासांचा. हे रहस्य उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की असे घड्याळ केवळ मेंदूत नाही. यकृत, आतडी, फुप्फुसे, त्वचा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या सर्वांत ते आहे. मेंदूतील घड्याळ हे मुख्य कचेरीचे, बाकीची शाखांची. मुख्य कचेरीची वेळ उजेडाने ठरते. शाखांना ती वेळ कळते ती मेंदूच्या संदेशांतून, संप्रेरकांतून आणि विशेषतः जेवणाच्या वेळेवरून.

दिवसाची पाळी, रात्रीची पाळी

आता या पेशी करतात काय ते पाहू. शरीरात शिरलेला जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी या पहिल्या फळीच्या रक्षक. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांच्या भक्षक पेशींचा अभ्यास केला, तेव्हा या पेशींतील सुमारे आठ टक्के जनुके चोवीस तासांच्या लयीत कमी-अधिक काम करताना आढळली. जंतूची चाहूल लागल्यावर या पेशी जी धोक्याची रसायने सोडतात, त्यांचे प्रमाणही वेळेनुसार बदलत होते. पेशी शरीराबाहेर काढल्या तरी ही लय काही काळ टिकून राहिली. पहारेकऱ्याच्या मनगटावर त्याचे स्वतःचे घड्याळ असावे, तसा हा प्रकार.

माणसाच्या रक्तात दिवसा आणि रात्री दिसणाऱ्या पेशींचे चित्रही वेगळे असते. दिवसा ॲड्रेनलिनच्या प्रभावाने थेट हल्ला चढवणाऱ्या पेशी रक्तात अधिक संख्येने फिरतात. माणूस दिवसा हिंडतो, त्याला खरचटते, चार लोकांत तो मिसळतो; तेव्हा लढवय्यांची गरज दिवसा अधिक. ज्यांनी अद्याप कोणत्याही जंतूशी सामना केलेला नाही अशा नवख्या टी पेशी मात्र रात्री रक्तात सर्वाधिक असतात, साधारणतः मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास. पहाटे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढू लागले की त्या अस्थिमज्जेकडे परततात.

रात्रीची पाळी मुख्यतः शिकण्याची आणि नोंद ठेवण्याची. गाढ झोपेत कॉर्टिसोल कमी असते, वाढीचे संप्रेरक अधिक असते. दिवसभरात कोणता जंतू भेटला, तो कसा ओळखावा, याची माहिती या काळात नव्या पेशींना मिळते आणि तिची पक्की नोंद होते. दुकानदार दिवसभर गिऱ्हाईक करतो आणि रात्री कीर्द लिहितो. कीर्द लिहिलीच नाही तर उद्या कोणाकडे किती येणे आहे ते कळणार नाही. झोप तुटली की शरीराची ही कीर्द अपुरी राहते.

आरंभी सांगितलेल्या तीन विकारांचे उत्तरही येथेच मिळते. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत अधिक असते. कॉर्टिसोल दाह आटोक्यात ठेवते. ते सकाळी भरपूर असते आणि संध्याकाळकडे उतरत जाते. म्हणून ताप संध्याकाळी डोके वर काढतो. पहाटे श्वासनलिका स्वभावतःच काहीशा आकसतात, त्याच वेळी दाह शमवणारा हात दुबळा असतो. म्हणून दमा पहाटे उठवतो. संधिवातात रात्रीच्या उत्तरार्धात दाह वाढवणारी रसायने उसळतात आणि त्यांचा परिणाम सकाळच्या आखडलेल्या बोटांत दिसतो.

या ज्ञानाचा उपयोग उपचारातही झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संधिवाताच्या २८८ रुग्णांना एकाच स्टेरॉइड औषधाचे दोन प्रकार देण्यात आले. काहींनी ते नेहमीप्रमाणे सकाळी घेतले. इतरांनी झोपताना अशी गोळी घेतली, की तिच्यातील औषध चार तासांनी, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास, मोकळे व्हावे. बारा आठवड्यांनंतर दुसऱ्या गटातील सकाळच्या आखडण्याचा कालावधी सुमारे २२ टक्क्यांनी घटला. सकाळी औषध घेणाऱ्यांत तो जवळपास होता तेवढाच राहिला. औषध तेच होते. फरक फक्त वेळेचा.

पुरावे काय सांगतात?

वेळेनुसार शरीराची सहनशक्ती बदलते, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवले ते फ्रान्झ हालबर्ग यांनी. दैनंदिन लयीसाठी आज जगभर वापरला जाणारा 'सर्केडियन' हा शब्दही त्यांनीच १९५९ मध्ये रूढ केला. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'सुमारे एक दिवस'. १९६० साली त्यांनी उंदरांना जिवाणूंच्या विषाची सारखीच मात्रा दिवसाच्या निरनिराळ्या वेळी टोचली. एका वेळी टोचलेले बहुतेक उंदीर दगावले. दुसऱ्या वेळी टोचलेले बहुतेक वाचले.

माणसांवरील पुरावेही आहेत. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पासष्ट वर्षांवरील २७६ व्यक्तींना फ्लूची लस दिली. काहींना सकाळी नऊ ते अकरा या वेळेत, काहींना दुपारी तीन ते पाच या वेळेत. महिन्याभराने मोजले तेव्हा लसीतील तीनपैकी दोन विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे सकाळच्या गटात अधिक वाढलेली आढळली. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयानुसार लसीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, म्हणून ज्येष्ठांच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे.

येथे घाईने सूत्र बनवणे मात्र धोक्याचे. करोना लसीच्या बाबतीत ब्रिटनमधील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत उलट चित्र दिसले. दिवसाच्या उत्तरार्धात लस घेतलेल्यांत प्रतिपिंडे अधिक आढळली. लसीचा प्रकार, वय आणि इतर अनेक घटक यांत गुंतलेले आहेत. शिवाय बर्मिंगहॅमच्या चाचणीत मोजली गेली ती प्रतिपिंडे. फ्लू किती जणांना झाला, याची ती मोजणी नव्हती. तेव्हा ज्येष्ठांना सकाळची वेळ सहज मिळत असेल तर ती घ्यावी. सकाळची वेळ मिळत नाही म्हणून लस लांबणीवर टाकणे मात्र शहाणपणाचे नाही.

झोपेविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. जर्मनीतील ल्यूबेक येथे २००३ साली काही निरोगी तरुणांना हिपॅटायटिस ए ची लस देण्यात आली. त्यांतील निम्मे त्या रात्री नेहमीसारखे झोपले, उरलेल्यांना जागे ठेवण्यात आले. चार आठवड्यांनंतर झोपलेल्यांची प्रतिपिंडे जवळजवळ दुप्पट होती. अवघ्या एका रात्रीच्या झोपेचा हा परिणाम.

अमेरिकेत १६४ निरोगी स्वयंसेवकांची झोप आठवडाभर मनगटावरील यंत्राने मोजण्यात आली. नंतर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून त्यांना निगराणीखाली ठेवले गेले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. हा अभ्यास २०१५ मधील आहे. त्याआधी १९९४ मध्ये तेवीस पुरुषांना पहाटे तीन ते सात जागे ठेवून एक तपासणी झाली होती. विषाणूग्रस्त व बिघडलेल्या पेशींना ठार करणाऱ्या 'नैसर्गिक मारक पेशीं'ची क्षमता त्या एका रात्रीनंतर सरासरी ७२ टक्क्यांवर आली.

जखमांचे उदाहरण याच्या जवळचे आहे. इंग्लंड व वेल्समधील रुग्णालयांतील भाजलेल्या ११८ रुग्णांच्या नोंदी केंब्रिजच्या संशोधकांनी तपासल्या. दिवसा भाजलेल्यांच्या जखमा भरायला सरासरी १७ दिवस लागले; रात्री भाजलेल्यांना २८. जखमेकडे धावणाऱ्या त्वचेच्या पेशी दिवसा अधिक चपळ असतात, हे त्यांनी प्रयोगशाळेतही दाखवले. या पेशी थेट रोगप्रतिकारक नव्हेत, पण शरीराच्या राखणीत त्यांचाही वाटा आहे आणि घड्याळ त्यांनाही लागू आहे.

शाखांची वेळ चुकली तर

व्यापारी कुटुंबांसाठी यातील सर्वांत विचार करण्यासारखा भाग पुढचा आहे. मेंदूचे घड्याळ उजेडावर चालते, पोटातील घड्याळे जेवणावर. दोन्ही वेळा जुळत असतील तर मुख्य कचेरी आणि शाखा यांचा हिशेब जुळतो. त्या फाटल्या की गोंधळ सुरू होतो.

जिनिव्हातील युली शिबलर यांच्या प्रयोगशाळेने २००० साली उंदरांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच अन्न देण्याचा प्रयोग केला. काही दिवसांत त्यांच्या यकृताचे घड्याळ जेवणाच्या वेळेप्रमाणे उलटे फिरले. मेंदूचे घड्याळ मात्र जागचे हलले नाही. एका शरीरात दोन वेळा सुरू झाल्या. माणसांमध्येही याची झलक दिसली. २०१७ मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठात दहा तरुणांची जेवणे पाच तास उशिरा देण्यात आली. त्यांच्या रक्तातील साखरेची लय साडेपाच तासांहून अधिक मागे सरकली. मेलाटोनिन आणि कॉर्टिसोल मात्र पूर्वीच्याच वेळेवर राहिले.

मूळच्या ओडिशातील आणि आता कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत काम करणाऱ्या सच्चिदानंद पांडा यांचे संशोधन याच दिशेचे आहे. २०१२ मध्ये त्यांच्या चमूने उंदरांच्या दोन गटांना सारखेच चरबीयुक्त अन्न दिले. एका गटाला ते चोवीस तास उपलब्ध होते, दुसऱ्याला केवळ आठ तास. दोन्ही गटांनी खाल्ले जवळपास सारखेच, तरीही पहिला गट लठ्ठ व रोगट झाला आणि दुसरा त्यातून बराच वाचला. लठ्ठपणा आणि मधुमेह शरीरात मंद दाह धुमसत ठेवतात आणि प्रतिकार यंत्रणेला थकवतात. आतड्यांतील काही संरक्षक पेशी मेंदूच्या घड्याळाशी कशा बांधलेल्या आहेत, हे २०१९ मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी उंदरांत दाखवून दिले.

वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दैनंदिन लय मोडणाऱ्या रात्रपाळीचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात केला आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबतचा तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्री काम करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असा नाही. धोका दुर्लक्ष करण्याजोगा नाही, एवढाच आहे.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन

जैन वाचकाच्या मनात या ठिकाणी चौविहाराचा विचार येणे स्वाभाविक आहे. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणे आणि सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी पाळणे, या क्रमात रात्रीचे बारा तास आणि त्याहून थोडा अधिक वेळ पोटाला विश्रांती मिळते. जेवणाची वेळ सूर्याशी बांधली जाते, म्हणजेच मुख्य कचेरी आणि शाखा एकाच घड्याळावर येतात. आधुनिक संशोधन ज्या दिशेने बोट दाखवते, तिच्याशी हे मिळतेजुळते आहे.

तरीही दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. रात्रिभोजनत्यागाचे प्रयोजन अहिंसा आणि संयम हे आहे. त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही आणि उद्या एखादा निष्कर्ष बदलला तर त्याचे मोलही घटत नाही. दुसरे असे की चौविहार केल्याने अमुक रोग होत नाही, असे कोणत्याही चाचणीने सिद्ध केलेले नाही. जेवणाच्या वेळेचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम आजवर मुख्यतः प्राण्यांत अभ्यासला गेला आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दीर्घ उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यकच आहे.

आणखी एक बाब नजरेआड होऊ नये. चातुर्मासात सायंकाळी सहाच्या आत जेवण उरकणारे कुटुंब उरलेले आठ महिने रात्री साडेदहाला पानावर बसते, हे चित्र आज दुर्मिळ नाही. शटर साडेनऊला खाली येते, गल्ला जुळेपर्यंत दहा वाजतात, मग जेवण, मग मोबाइलवर उद्याच्या ऑर्डरी. झोपेपर्यंत एक वाजतो. लवकर जेवूनही मध्यरात्रीपर्यंत पडद्यासमोर बसणाऱ्याचा अर्धा लाभ हातचा जातो. बॉस्टनमधील २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचन करणाऱ्यांच्या शरीरातील मेलाटोनिनची वेळ पाच दिवसांत सुमारे दीड तासाने मागे गेली. हे संप्रेरक म्हणजे रात्र झाल्याची दवंडी. ती उशिरा पिटली गेली की रात्रपाळीच्या पेशीही उशिरा कामाला लागतात आणि सकाळी गजर वाजला की काम अर्धवट टाकून उठतात.

घराचे घड्याळ

मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन यांनी भारतात या शास्त्राचा पाया घातला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गुहेतील वटवाघळांचा अभ्यास केला. गुहेच्या गर्द अंधारात पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला सूर्य दिसत नव्हता. तरी रोज संध्याकाळी बाहेर जाणाऱ्या व पहाटे परतणाऱ्या कळपाच्या साथीने ते आपली वेळ बिनचूक राखत होते. कळप नसलेल्या गुहेत एकट्या वटवाघळाची लय मात्र भरकटत गेली. वटवाघळाचा नियम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही त्यातील मर्म उमगेल. घरातील दिवे कधी मालवतात, ताटे कधी मांडली जातात, यावर घरातील प्रत्येकाची झोप अवलंबून असते. मोठे एकपर्यंत जागे असतील तर मुलांना दहाला झोपायला सांगून उपयोग होत नाही.

करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर, उजेडात जावे. देरासरापर्यंत पायी जाण्याची सवय असेल तर ती मोडू नये. झोपण्याची आणि उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही फार सरकू देऊ नये. प्रौढांनी सात तासांची झोप हिशेबात धरावी. चौविहार नसेल त्यांनीही जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. लस घेतलेल्या दिवशी रात्रीचे जागरण टाळावे. कॉर्टिसोलसारख्या तपासण्या सांगितलेल्या वेळीच कराव्यात, कारण त्यांचे आकडे प्रहरानुसार बदलतात. चालू औषधांची वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये; स्टेरॉइडच्या बाबतीत तर मुळीच नाही. "हे औषध कोणत्या वेळी घेणे उत्तम?" हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

घरात सीएच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पहाटे तीनपर्यंत जागून वाचलेले पान पक्के होण्यासाठीही झोपच लागते. आणि परीक्षेच्या तोंडावर सर्दी-तापाने गाठले तर महिन्यांची मेहनत वाया जाते. रात्रीचे दोन तास पहाटेकडे ढकलता आले तर ते अधिक फळ देतात.

सर्वांत कठीण आहे ते दुकानाचे गणित. शटर अर्धा तास आधी ओढले तर शेवटची चार गिऱ्हाइके शेजारी जातील, ही भीती खोटी नाही. दिवाळी आणि लग्नसराईत ते शक्यही होणार नाही. परंतु वर्षाचे सगळेच दिवस हंगामाचे नसतात. एरवी गल्ला रात्रीऐवजी सकाळी मोजता येईल, मालाची मागणी दुपारी नोंदवता येईल, भावाभावांनी किंवा बाप-लेकांनी शेवटचा तास आलटून-पालटून वाटून घेता येईल. पेढीवरील नोकरालाही घर आहे आणि त्याच्याही शरीरात तेच घड्याळ आहे. त्याची सुटण्याची वेळ मालकाच्या हाती असते.

रोजमेळात शेवटच्या अर्ध्या तासाची विक्री लिहिली जाते. त्या अर्ध्या तासासाठी मोजलेली झोप कोठेच लिहिली जात नाही. ती नावे पडते ती पुढे, वारंवार येणाऱ्या तापात, वाढलेल्या साखरेत, न भरणाऱ्या जखमेत. हिशेबात मुरलेल्या माणसाने या खात्याकडेही वेळेवर पाहिले पाहिजे.